दाजीसाहेबांच्या खुनातली माळीण

शुक्रवारी सकाळी जठारपेठेत पार्बताबाईनं हाळी दिली आणि एकही दार उघडलं नाही.

असं कधी झालं नव्हतं. तीस वर्षं ती मोर्णेच्या काठच्या आपल्या मळ्यातली भाजी डोक्यावर घेऊन त्या गल्लीत येत होती. तिची हाळी ऐकून बायका झोपलेल्या पोरींना हलवत, "उठा गं, सात वाजले." घरातलं घड्याळ मागेपुढे होई, पार्बताबाई होत नसे. भाजीही तशीच. भेंडी मोडून दाखवली की कटकन मोडायची. आणि कोणी भाव करायला लागलं की ही टोपलीवर फडकं टाकायची आणि म्हणायची, "नेऊ नका. दुसरीची खा. खातानी माही आठवन येईनच." बायका हसायच्या आणि मुकाट्यानं घ्यायच्या.

आज गोदाबाई, शाळामास्तरांची बायको, खिडकीतूनच बोलली. "आज नको हो पार्बताबाई. कालचीच भाजी आहे."

"काल तुमी पावशेर भेंडी नेली. घरात खानारे सात. उरली कशी वो?"

गोदाबाईनं खिडकी लोटली. पुढच्या ओट्यावर एक पेन्शनर बसले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि आनंदानं विचारलं, "काय पार्बताबाई, आज भाजीत सोमल किती घातलाय?" आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले.

गल्लीच्या तोंडाशी माणिकबाई भेटली. तीही माळीणच, पण दोन वर्षांपूर्वी आलेली. तिची टोपली रिकामी होती. "मले काई ठाव नाई माय," तिनं न विचारताच सांगितलं. "मले आज साऱ्यायनं बोलावलं. मी काय नाई म्हनू?"

पार्बताबाई भरल्या टोपलीनिशी घरी आली. सून सिंधू चुलीपुढे होती. सासूला टोपलीसकट पाहिलं आणि ती नको इतक्या जोरानं चूल फुंकायला लागली.

"फुकू नको, पेटेल हाय ते. सहदेव रातच्याले नाटकाले गेल्ता ना? काय झालं तिथं?"

सिंधूनं पदर सावरला. "आत्याबाई, तुमी रागावसान."

"रागावलीच हाओ. आता सांग."

आता नाटकाचं सांगायला हवं. अकोल्यात वामनराव वकिलांचं एक हौशी नाट्यमंडळ होतं. गणपतीत दरवर्षी नवं नाटक. मागच्या वर्षी वामनरावांनी स्वतः लिहिलेलं आणलं, 'दाजीसाहेबांचा शेवटचा घास'. पडदा उघडतो तोच नागपंचमीचा दिवस. पोरी झोक्यावर गाणी म्हणतात, दाजीसाहेबांची बायको भिंतीवर गंधाचे नाग काढून त्यांना दूध-लाह्या वाहते, आणि दुपारी भरल्या पानावर दाजीसाहेब घास घेतात आणि तिथंच कोसळतात. घासात सोमल, जहाल विष. कोणी घातला? ते सांगायच्या आत पडदा पडला. "खुनी कोण, ते पुढच्या गणपतीत," असं वामनरावांनी पडद्यापुढे येऊन सांगितलं तेव्हा लोकांनी त्यांना फाडून खायचंच बाकी ठेवलं होतं. वर्षभर अकोल्यात दुसरा विषय नव्हता. कचेरीत, सरकीच्या पेठेत, न्हाव्याच्या दुकानात. कोणी म्हणे पुतण्या रंगनाथ, कोणी म्हणे वैद्य. नवे पैसे आले तेव्हाही लोक भांडले नव्हते इतके दाजीसाहेबांवरून भांडले.

त्या नाटकात एक माळीण होती. एकच प्रवेश, पंचमीच्या आधीच्या बाजाराचा. ती टोपलीवर फडकं टाकते आणि दाजीसाहेबांना ठणकावते, "नेऊ नका. खातानी माही आठवन येईनच." मांडव कोसळला होता हसून. हे काम केलं होतं केशवरावांनी. ते शाळेत ड्रिलमास्तर, पण लुगडं नेसले की चालच बदलायची. त्यासाठी ते चार दिवस मळ्यात येऊन बसले होते. पार्बताबाईनंच त्यांना टोपली उचलायला शिकवलं. "मान ताठ ठेवा मास्तर. मान वाकली का भाव बी वाकते." आणि मग वर्षभर तिनं साऱ्या गावाला सांगितलं होतं की ती नाटकातली माळीण म्हणजे मी. लोक विश्वास ठेवोत न ठेवोत, ती सांगायची. लोकांनी ठेवला.

यंदा दुसरा भाग आला. आणि खुनी निघाली माळीण.

"भरल्या वांग्यात सोमल घातला म्हनते," सिंधू चुलीकडे बघत म्हणाली. "दाजीसाहेबानं तिच्या मळ्याचा दावा बुडवला होता म्हने. शेवटी बेड्या घालते. लोकायनं टाळ्या वाजवल्या."

"सहदेवनं बी वाजवल्या का?"

मुलगा सहदेव दाराशी उभा होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले, म्हणजे वाजवल्या होत्या. मग मर्द होऊन म्हणाला, "माय, आपन कोर्टात जाऊ. बदनामी हाय ते."

"आन् कोर्टात काय सांगू? का बाप्पा, ते माळीन मी हाय? ते तर मीच बोंबलून राह्यली सालभर." पार्बताबाईनं टोपली खाली ठेवली. "वकिलानं घातलं, वकीलच काढन."

दुपारी ती वामनरावांकडे गेली. त्यांची बायको रमाबाई पार्बताबाईची जुनी गिऱ्हाईक. पण आज रमाबाईही बाहेर आली नाही, आतूनच बांगड्या वाजल्या. वामनराव पानदान उघडून बसले होते. आदल्या रात्री टाळ्या पडल्यानं त्यांचा चेहरा सत्यनारायणाच्या प्रसादासारखा तुपाळ झाला होता.

"या पार्बताबाई. पाहिलंत?"

"बायाईचा खेळ उद्या हाय. रातचे दोन्ही खेळ तर तुमी मानसाईचे ठेवले."

"मांडव लहान आहे हो. मग ऐकलंत वाटतं."

"ऐकलं. आज साऱ्या गल्लीनं मले माघारी लावलं. मी दाजीसाहेबाले मारलं म्हनते."

वामनराव हसले. "अहो, ती तुम्ही कुठं? नाटकातली माळीण ती. कोणीतरी खुनी व्हायलाच पाहिजे ना?"

"मंग वैद्याले करा. त्याची कोन भाजी खाते?"

"असं कसं करता येईल? पुरावा आहे तिच्याविरुद्ध. मी वीस वर्षं वकिली करतोय, पार्बताबाई. एक साक्ष नाही, चार साक्षी आहेत. हे नाटक हायकोर्टात नेलं तरी माळीण सुटायची नाही." पानाला चुना लावता लावता ते अगदी मोठ्या मनाने म्हणाले, "तुम्ही त्यात एक भोक दाखवा. एकच. मी त्याच क्षणी माळणीला सोडतो आणि पुढचं अमरावतीचं नाटक बदलून नेतो. दसऱ्यात तिथं तीन खेळ आहेत."

"वचन?"

"वचन."

"वहिनीबाई," पार्बताबाईनं आतल्या दाराकडे तोंड करून आवाज चढवला, "ऐकलं ना वो?"

आतून बांगड्या पुन्हा वाजल्या.

"आन् ह्यो भाग वहिनीबाईले वाचून दाखवला होता का तुमी?" तिनं जाता जाता विचारलं.

"छे! तिला खुनी कळला असता तर संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळला असता."

शनिवारी दुपारी तीन वाजता बायकांचा खेळ होता. मांडवात बसायला जाजमं, आणि जाजमावर अख्खी जठारपेठ, जुन्या शहरातल्या बाया, कोणी मांडीवर पोर घेऊन, कोणी वाती वळत. पुरुषांना नाटक गप्प बसून पाहता येतं, कारण त्यांना घरी जाऊन त्याबद्दल बोलायचं असतं. बायका बघतानाच बोलून घेतात.

पार्बताबाई पुढे जाऊन बसली. बाया थोड्या सरकल्या. जागा करायला नाही, लांब व्हायला. गोदाबाईनं तर वातींचा डबा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. सिंधूचं तोंड एवढंसं झालं, पण सासूनं मांडी मोकळी पसरली. सरकलेल्या बायांनी जागा तर दिलीच होती.

पडदा उघडला. गुप्तहेर चंद्रसेन आला. हे काम करणारा वसंता कापसाच्या जिनात कारकून होता, पण काळा कोट घातला की त्याच्या पायजम्याकडे कोणाचं लक्ष जात नसे. त्यानं एकेकाला बोलावलं. वैद्यानं साक्ष दिली. मुनीमजींनी दिली. माळणीची धमकी तिघांनी ऐकली होती. "अगं बाई," मागून कोणीतरी म्हणालं, "बोलली तर होतीच ती." पार्बताबाईच्या मानेवर डोळे टोचत होते. ती ऐकत होती. पुरावा खरंच घट्ट होता. वकिलानं विणला होता तो, एक टाका सुटत नव्हता. पहिला अंक संपला तेव्हा तिच्याही मनात आलं की आज टोपली कायमची माणिकबाईला गेली.

दुसऱ्या अंकात पुतण्या रंगनाथ आला. शेषराव म्हणून पोस्टातले एक होते, ते. रुमालानं डोळे टिपत ते म्हणाले, "चंद्रसेनजी, मी स्वतः पाहिलं. पंचमीच्या सकाळी ती माळीण आली. टोपलीतून तिनं स्वतःच्या हातानं कोवळी वांगी काकूला दिली. काकूनं माझ्यासमोर विळीवर त्यांना चिरा दिल्या, मसाला भरला. काकांनी तोच घास घेतला! या डोळ्यांनी पाहिलं मी!"

"काय पाह्यलं?"

पार्बताबाई उभी राहिली होती. तिला उभं राहताना कोणी पाहिलं नाही, पण आवाज शेवटच्या जाजमापर्यंत गेला.

शेषराव रुमाल धरून थांबले. "मी... या डोळ्यांनी..."

"डोळे राहू दे. कवा पाह्यलं ते सांग."

"पंचमीला सकाळी," शेषरावांनी पाठ केलेलं सांगितलं.

पार्बताबाई वळली आणि बायकांकडे तोंड करून उभी राहिली. "ऐकलं का वो बायाहो? नागपंचमीच्या सकाळी. विळीवर. वांगे."

 कुठंतरी मधे कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं, आणि ते "अगं बाई" जाजमावरून वाऱ्यासारखं फिरलं.

"पंचमीला विळी?"

"विळी काय, आम्ही सुरीसुद्धा दडवून ठेवतो!"

"चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. साधी मिरची हातानं मोडतो आम्ही."

"आणि चातुर्मासात वांगं? कांदेनवमीला जे संपलं ते चंपाषष्ठीपर्यंत उंबऱ्याच्या आत येत नाही आमच्याकडे!" ही रमाबाई होती. वामनरावांची रमाबाई. बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली, पण बोलून झालं होतं.

स्टेजवर शेषरावांना घाम फुटला. त्यांनी डोकं लढवलं. "दाजीसाहेब सुधारक होते! ते सर्व खात!"

"खात असन," पार्बताबाई म्हणाली. "सुधारक असो का कलेक्टर असो, चिरते कोन? बायकोच ना? मांगच्या साली ते बाई भिंतीवर नाग काढून दूध वाहून राह्यली होती. आमी साऱ्यायनं पाह्यलं. तेच बाई घंट्याभरानं विळी घेऊन बसली? आन् माळनीचं म्हनसान, तर पंचमीले आमी मळ्यात खुरपं लावत नाई, देठ तोडत नाई. जमिनीत नागोबा असते त्या दिवशी. वांगं आलं कुठून रे? आभायातून?"

आता वामनराव विंगेतून बाहेर आले. हातात वही, चेहऱ्यावरचं तूप पार विरघळलेलं. चाळीस वर्षं ते पंचमीची उकडलेली दिंडं खात आले होते, पण ती उकडलेलीच का असतात हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. "पार्बताबाई," ते हळू म्हणाले, "बरोबर आहे. माझ्या लिहिण्यात चूक झाली. दुरुस्त करतो. दिवस बदलतो, पंचमीऐवजी दुसरा..."

"चूक कशी? बसा तुमी. दिवस काहून बदलता? दिवस तर पोरायनं गाने म्हनून सांगतला मांगच्या सालीच." तिनं बोट शेषरावांवर रोखलं. "चूक नाई झाली. ह्यो खोटं बोलून राह्यला. सैपाकघरात पाय नाई ठेवला यानं कधी, म्हनून त्याले ठाव नाई का पंचमीले काय होते न् काय नाई. खोटं कोन बोलते? ज्याले लपवाचं असते तो. दाजीसाहेब मेल्यावर इस्टेट कोनाले जाते वो?"

"पुतण्याला!" मांडवातून शंभर बायका एकदम ओरडल्या.

वामनराव वहीकडे बघत राहिले. वीस वर्षांच्या वकिलीत त्यांच्या साक्षीदाराची उलटतपासणी अशी कोणी केली नव्हती.

सगळ्यात आधी वसंताच्या ध्यानात आलं. त्यानं काळ्या कोटाची कॉलर सारखी केली, दोन पावलं पुढे आला आणि वहीत नसलेलं वाक्य बोलला. "रंगनाथ! त्या दिवशी नागपंचमी होती. तुझ्या काकूच्या घरात त्या दिवशी विळी उघडलीच नव्हती. मग वांग्याला चिरा कोणी दिल्या?"

"अहो वसंतराव, हे काय," शेषराव कुजबुजले, पण ते शेवटच्या जाजमापर्यंत ऐकू गेलं. "मी निर्दोष आहे. तिसऱ्या भागात माझं लग्न आहे!"

"कर लग्न तुरुंगात!" मागून एक म्हातारी ओरडली. आणि मग जे हसू झालं, जी टाळी झाली, तशी त्या मांडवात आधीच्या दोन्ही रात्री झाली नव्हती. विंगेत लुगडं नेसून, बेड्या घालून, आपल्या कबुलीजबाबाची वाट पाहत उभे असलेले केशवराव स्वतःच बाहेर आले, वसंतासमोर दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "सोडा आता, मनगटं दुखतात." बेड्या निघाल्या. त्यांनी मान ताठ करून पार्बताबाईकडे पाहिलं आणि रामराम केला.

वामनरावांनी वचन पाळलं, हे त्यांच्याबाबतीत कबूल करायलाच हवं. मन लहान नव्हतं त्यांचं, मिजास मोठी होती इतकंच. त्यांनी पंधरा दिवसांत दुसरा भाग पुन्हा लिहिला, आणि या वेळी प्रत्येक पान आधी रमाबाईला वाचून दाखवलं.

रविवारी सकाळी सातला पार्बताबाईनं जठारपेठेत हाळी दिली नाही. ती नुसती चालत गेली. गोदाबाई दारात उभी होती. "पार्बताबाई! अहो थांबा ना, भेंडी द्या."

"कालची उरली असन ना तुमची."

"आता काय बोलायचं! मास्तरांनी सांगितलं, म्हणून..."

"मास्तर शाळेत शिकवते, त्याईले तिथं शिकवू द्या. भाजीचं तुमी माह्यावर सोडा." असं म्हणून तिनं टोपली उतरवली आणि कटकन भेंडी मोडून दाखवली. मग एकेक दार उघडत गेलं. पेन्शनरांच्या ओट्यावर ती मुद्दाम थांबली. "बावाजी, सोमल संपला. दोडके घ्या." त्यांनी घेतले, आणि भावही केला नाही. माणिकबाई कोपऱ्यात उभी होती. तिला पार्बताबाईनं मागची गल्ली दाखवली. "तिकडं जाय. तिकडं बी मानसं जेवते."

दसऱ्यात मंडळ अमरावतीला गेलं तेव्हा वामनरावांनी पार्बताबाईला आणि सिंधूला सोबत नेलं. बडनेऱ्याला गाडी बदलून, अंबादेवीचं दर्शन घेऊन दोघी दुपारच्या बायकांच्या खेळाला जाऊन बसल्या. तिथं पार्बताबाईला कोणी ओळखत नव्हतं. शेजारी एक अमरावतीची जाडजूड बाई होती, मांडीवर शेंगदाण्याची पुरचुंडी.

रंगनाथ आला. डोळे टिपले. पंचमीच्या सकाळी, वांगी, विळी.

"खोटं बोलते मेला!" ती बाई चंद्रसेनच्या आधी ओरडली. मग तिनं पार्बताबाईच्या मांडीवर थाप मारली. "समजलं का तुमाले? पंचमीले कोनी चिरते का वो? इथंच सापडला तो! लिवनारा मानूस लय हुशार हाय बाप्पा."

सिंधूनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं. आता ही उठते, आता हिचं भाषण होतं. पार्बताबाईनं ओठ घट्ट मिटले होते.

"हुशार हाय खरा," ती शेवटी म्हणाली. "मले नाई सुचलं एवढं."

ती बाई खूश झाली. तिनं मूठभर शेंगदाणे दिले. स्टेजवर माळीण सुटली, टाळ्या पडल्या. ती बाई टाळ्या वाजवता वाजवताच म्हणाली, "बिचारी माळीन. बाई चांगली हाय. पन तोंड पाहा ना किती खराब! असल्या तोंडाच्या बाईले कोनी दारात उभी राहू देईन का?"

सिंधूनं डोळे मिटले.

"उभी राहू देईन?" पार्बताबाई शेंगदाणे पदरात टाकत ताठ होऊन बसली. "अवो, तोंड खराब हाय म्हनून माल चांगला हाय. ज्याचा माल सडका असते ना, त्यो गोड बोलते. तुमची माळीन कशी बोलते वो?"

"गोड बोलते," ती बाई जरा घाबरून म्हणाली.

"मंग घरी जाऊन तिचे वांगे चिरून पाहा," पार्बताबाई म्हणाली, "अळ्या मोजून सांगा मले."